मुलांच्या मेंदूचा व कण्याचा क्षयरोग : वेळेवर तपासणी
(बागबाजार, कोलकाता येथील मराठी कुटुंबांसाठी भाषणाचा मजकूर)



याच बागबाजारात, बोसपाडा गल्लीत, 1898 साली भगिनी निवेदितांनी मुलींची शाळा उघडली. पुढच्याच वर्षी प्लेगच्या साथीत त्या येथील गल्ल्या स्वच्छ करण्याच्या कामात उतरल्या. प्लेगची ती साथ गेली. क्षयरोग मात्र अजून गेलेला नाही, आणि तो मुलाच्या मेंदूपर्यंत पोहोचला की हाती थोडेच दिवस उरतात.

याची सुरुवात फसवी असते. पुष्कळदा खोकला नसतो. आठवडाभर बारीक ताप, उलट्या, डोकेदुखी, किरकिर, खेळात मन न लागणे, एवढेच दिसते. आपण म्हणतो, दृष्ट लागली असेल. दृष्ट अवश्य काढावी, परंतु मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडेही न्यावे. गुंगी, आकडी वा तिरळेपणा येईपर्यंत थांबल्यास जीव वाचूनही कायमचे अपंगत्व राहू शकते. घरात कोणास क्षयरोग झाला असल्यास तो न विचारता सांगावा. लाजेपोटी नेमके हेच दडवले जाते.

शिरेतून औषध देऊन केलेल्या सी.टी. स्कॅन किंवा एम.आर.आय. तपासणीत मेंदूच्या तळाशी आवरणाला आलेली सूज, साचलेले पाणी आणि क्षयाच्या गाठी दिसू शकतात. पाण्याला शस्त्रक्रियेने वाट करून द्यावी लागेल का, हे ठरवण्यासही प्रतिमेची मदत होते. तथापि केवळ प्रतिमेवर निदान पुरे होत नाही. पाठीतील पाणीही तपासावे लागते. त्या सुईने मूल पांगळे होते, ही भीती अनाठायी आहे. मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खाली ती टोचली जाते.

कण्याच्या क्षयरोगात मूल पाठ ताठ धरते, खाली पडलेली वस्तू न वाकता गुडघे मोडून उचलते, रात्री रडत उठते. साध्या क्ष-किरण चित्रात आरंभी काहीच न दिसणे शक्य आहे, कारण हाड बरेच झिजल्यावरच ते दिसते. एम.आर.आय.मध्ये सूज, पू व मज्जारज्जूवरील दाब पुष्कळ आधी दिसतो. या यंत्रात क्ष-किरण नसतात. आवाज मात्र मोठा असतो, आणि मूल निश्चल राहावे म्हणून झोपेचे औषध द्यावे लागू शकते.

जन्मतः दिलेली बी.सी.जी. लस मेंदूच्या क्षयरोगाचा धोका कमी करते, पूर्णपणे टाळत नाही. औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. उपचार सुमारे वर्षभर चालतात. मूल हसू-खेळू लागले तरी डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज ते थांबवू नयेत. बागबाजारहून आर. जी. कर रुग्णालय जवळ आहे. राष्ट्रीय क्षयरोग मदतवाहिनीचा विनामूल्य क्रमांक 1800-11-6666.