कारगिल ते स्कर्दू : एक बंद रस्ता



काश्मीरचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नकाशा उभा राहतो, आणि त्यावरील रेषेच्या अलीकडे आपण व पलीकडे ते, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. ही वाटणी कारगिलच्या बाबतीत कितपत खरी आहे, एवढाच प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. कोणता मुलूख कोणाचा, हा वाद आमचा विषय नव्हे. त्या वादात ज्यांची घरेदारे सापडली, त्यांच्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

डोगरा राजवटीच्या अखेरच्या काळात लडाख ही एक वजारत होती. लेह, कारगिल आणि स्कर्दू या तिच्या तीन तहसिली. वझिराची कचेरी उन्हाळ्यात लेहला व हिवाळ्यात स्कर्दूला असे. कारगिल या दोहोंच्या मध्ये. झोजी-ला ओलांडून श्रीनगरहून येणारी वाट, लेहची वाट आणि स्कर्दूची वाट येथेच एकमेकींस मिळत. येथील पुरिग व बाल्टी लोक बहुतांशी शिया मुसलमान. पण त्यांची बोली तिबेटी कुळातली. ल्हासाच्या बोलीतून लोपलेले कित्येक जुने उच्चार बाल्टीत अद्याप टिकून आहेत, आणि केसर राजाची कथा बौद्ध लडाखी जशी सांगतात तशी हेही सांगत आले. मग यांना धर्माने मोजावे की भाषेने? कोणतेही एक माप लावले तरी माणूस अर्धाच मोजला जातो.

१९४८च्या मे महिन्यात गिलगिटकडून आलेल्या फौजांनी कारगिल घेतले. स्कर्दूचा किल्ला शेर जंग थापा यांनी सहा महिने लढविला. तो १४ ऑगस्टला पडला. १ नोव्हेंबरला भारतीय रणगाडे झोजी-ला चढून गेले आणि त्याच महिन्यात कारगिल परत मिळाले. पुढे २७ जुलै १९४९ रोजी कराचीत युद्धबंदीची रेषा ठरली. सैन्ये जेथे थांबली त्या आधाराने ती आखली गेली. सोयरीक कोठवर पसरली आहे हे पाहण्याचे कारण कोणास नव्हते. कारगिल एकीकडे राहिले, स्कर्दू दुसरीकडे, आणि मधला रस्ता बंद झाला.

१९७१च्या डिसेंबरात रेषा पुन्हा सरकली. श्योक नदीकाठचे तुर्तुक व शेजारची गावे, तसेच कारगिलजवळचे हुंदरमान, ही भारताकडे आली. गावकरी जागचे हलले नाहीत. देश मात्र बदलला. नोकरीधंद्यासाठी वा शिक्षणासाठी स्कर्दूकडे गेलेले भाऊ, मुलगे, नवरे तिकडेच राहिले. हुंदरमानच्या जुन्या, ओस पडलेल्या वस्तीत आज एक छोटे संग्रहालय आहे. तेथे घरगुती वस्तूंबरोबर पलीकडच्या आप्तांची पत्रेही जपून ठेवली आहेत.

स्कर्दू कारगिलला श्रीनगरपेक्षा जवळ आहे. पण बहिणीस भेटावयाचे तर दिल्लीहून व्हिसा, मग अमृतसर, वाघा, लाहोर, आणि तेथून पुन्हा उत्तरेस डोंगरात, असा वळसा घ्यावा लागे. गरीब जर्दाळूवाल्याने हा खर्च कोठून करावा? २०२५च्या एप्रिलात अटारीचा दरवाजाही बंद झाला आणि मे महिन्यात टपाल थांबले.

यावर कोणी म्हणेल, याच कारगिलच्या शिखरांवर १९९९ मध्ये घुसखोरी झाली. दरवाजे उघडे टाकावे काय? आक्षेप रास्त आहे. परंतु त्या घुसखोरीची पहिली खबर सैन्यास दिली ती बटालिककडच्या मेंढपाळांनी, हेही विसरता कामा नये. पलीकडे नातलग आहेत म्हणून निष्ठा पातळ होते, असे मानण्यास हा अनुभव आधार देत नाही.

शिवाय वाट उघडण्याने दावा सोडावा लागत नाही. ७ एप्रिल २००५ रोजी श्रीनगर–मुझफ्फराबाद बस सुरू झाली, तेव्हा प्रवाशांस पासपोर्टाऐवजी परवाने देण्यात आले. पासपोर्ट मागितला असता तर रेषा ही सरहद्द ठरली असती. या युक्तीने दोन्ही सरकारांचे म्हणणे शाबूत राहिले आणि माणसे भेटली. पुढे २००८ मध्ये मालाची देवघेवही सुरू झाली. २०१९ मध्ये शस्त्रे, अमली पदार्थ व खोट्या नोटा येतात या कारणास्तव सरकारने हा व्यापार थांबविला, बसही थांबली. कारगिल–स्कर्दू रस्त्याची मागणी तेथील लोक वर्षानुवर्षे करीत आहेत. त्या रस्त्यावर अशी बस एकदाही धावली नाही.

मोठा वाद केव्हा मिटेल हे राज्यकर्त्यांच्या हाती. पण १९४८ मध्ये जी मुले होती ती आज ऐंशीच्या पुढे गेली आहेत, आणि १९७१ च्या नववधू सत्तरीत आहेत. त्यांना वादाच्या निकालापर्यंत थांबा म्हणणे, म्हणजे भेटूच नका म्हणणे होय. म्हणून आमचे म्हणणे एवढेच : कडक तपासणी करा, संख्या मोजकी ठेवा, माल नको तर नको, परंतु साठीपुढील माणसांना ठरावीक दिवशी, परवान्यावर, एकमेकांच्या अंगणात जाऊ द्या. राष्ट्राचे सामर्थ्य रेषा राखण्यात आहे हे आम्हांस मान्य आहे. परंतु ती राखूनही म्हाताऱ्या बहीणभावांची भेट घडविता आली, तर ते सामर्थ्य कमी होईल असे आम्हांस वाटत नाही.