जकात : नाक्यावरची नव्हे, दानाची

जकात म्हटलं की आपल्याला नाक्यावर खोळंबलेले ट्रक आठवतात! इस्लाममधली जकात मात्र दानाची. वर्षभर शिल्लक राहिलेल्या बचतीतला २.५ टक्के वाटा गरजूंना देणं, हे ऐपतदार मुस्लिमांचं कर्तव्यच. ब्रिटनमध्ये २०११ साली सुरू झालेलं नॅशनल जकात फाउंडेशन हा पैसा तिथल्याच अडचणीतल्या मुस्लिम कुटुंबांना देतं. इंग्लंडमध्ये भाड्याचं घर घ्यायचं तर घरमालक सहसा ५ आठवड्यांच्या भाड्याइतकी अनामत मागतो, वर पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. हातात नोकरी असूनही माणसं अडतात ती इथंच. अर्ज तपासून फाउंडेशन अशांना मदत करतं. तशीच मदत कुणाला किराण्यासाठी, कुणाला वीजबिलासाठी. कुराणानं जकातीचे ८ हक्कदार सांगितले आहेत. कर्जात बुडालेला माणूसही त्यांतलाच एक.