गंजलेली पद्मिनी घरी दुरुस्त करायची? आधी पत्रा, मग इंजिन

आजचा भाग जुन्या गाड्यांच्या प्रेमात पडलेल्यांसाठी आहे. रील बघून 'आपल्या पण गावाला एक पडून आहे रे' असं म्हणणारे सगळे यात आले. आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. बीटेक केलंय, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, आणि गेली दोन वर्षं जमेल तेव्हा शुक्रवारी रात्रीची गाडी पकडून गुहागरला जातो. तिथे आमच्या घराच्या खळ्यात काकांची 1987 ची प्रीमियर पद्मिनी आहे. अकरा वर्षं ती आंब्याखाली उभी होती. कोकणातले अकरा पावसाळे आणि वर खारी हवा! पुढचं तुम्ही समजून घ्या.

थोडा इतिहास सांगतो, कारण पुढे तो लागणार आहे. ही गाडी मूळची इटलीची. फियाट 1100 चं हे नवं रूप तिकडे 1953 साली आलं. आपल्याकडे ती प्रीमियर ऑटोमोबाईल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. 1964 पासून 'फियाट 1100 डिलाइट', आणि 1974 पासून 'पद्मिनी' हे नाव. 1089 सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, मागची चाकं ओढणारी. मुंबईची काळी-पिवळी म्हटलं की डोळ्यांपुढे हीच येते. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरमध्ये नोंदवली गेली होती. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून लोकांना या गाडीची जास्तच आठवण यायला लागलीय.

आता मुद्द्याचं. जुनी गाडी हातात आली की प्रत्येकाला पहिली घाई कसली असते? इंजिन चालू करायची. बॅटरी आणायची, प्लग साफ करायचे, कार्ब्युरेटरमध्ये थोडं पेट्रोल टाकायचं आणि मोबाईलवर शूटिंग सुरू! इंजिन फुरफुरलं की 'गाडी जिवंत झाली' असं आपण म्हणतो. पण या गाडीचा जीव इंजिनात नाहीये. तो पत्र्यात आहे.

कसं ते ऐका. जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते, लोखंडी शिडीसारखी. तिच्यावर बॉडी ठेवलेली असते. बॉडी सडली तरी शिडी शाबूत असेल तर काम भागतं. पद्मिनीला तशी शिडी नाही. तिचा तळ, दरवाज्यांखालच्या लांब पोकळ पेट्या, ज्यांना सिल म्हणतात, खांब आणि छत हे सगळं मिळूनच तिचा सांगाडा होतो. याला मोनोकॉक म्हणतात. म्हणजे सिल गंजली तर तुमच्या गाडीचं एक हाड गेलं. वरून रंग कितीही चकाचक असू दे.

म्हणून पहिला दिवस फक्त तपासणीचा. हत्यारं तीन: फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, एक स्क्रू ड्रायव्हर आणि खडू. चुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे खाली पत्रा नाही, पुट्टी आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भदभद आला तर खडूने गोल करा. कुठे बघायचं? दोन्ही सिल, जॅक लावायच्या जागा, पायाखालचा तळ, डिकीत स्टेपनी ठेवायचा खड्डा, बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या काचेच्या रबराखाली, आणि मागचे पाटे जिथे बॉडीला अडकवलेत ती जागा. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात. ती पाल्याने बुजली की दरवाजा आतून सडतो. आंब्याखालच्या गाडीत तर हमखास.

आमच्या गाडीवर खडूचे एकवीस गोल झाले.

इथे घरातली एक गोष्ट सांगतो. त्याच वर्षी मे महिन्यात माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. इंजिन तोपर्यंत चालू झालेलं. काकांच्या मनात होतं की लेकीची पाठवणी याच गाडीतून करायची. त्यांनी ती स्वतःच्या लग्नानंतर दोन वर्षांनी घेतलेली, ताई तिच्यातूनच पहिल्यांदा घरी आलेली. मी तपासणीसाठी डाव्या बाजूला जॅक लावला, तर गाडी उचललीच जाईना. जॅक सिलमध्ये घुसला! आतून काय निघालं? पुट्टीचे ढेकळ, गोणपाटाचा तुकडा, आणि वर रिव्हेट मारून लावलेली पत्र्याची पट्टी. पूर्वी कधीतरी एका पेंटरने 'सगळं पॅक करून दिलं' होतं. पैसे पत्र्याचे घेतले आणि भरली पुट्टी.

मी काकांना म्हटलं, "काका, ताईला यात बसवायचं नाही." ते म्हणाले, "अरे, दहा किलोमीटर तर जायचंय. मी हळू चालवीन." मी त्यांना खाली वाकवून ते भोक दाखवलं, त्यात हात घालायला लावला. ते काही बोलले नाहीत. लग्नाला भाड्याची गाडी आली. पुढचे काही आठवडे काका खळ्यात फिरकलेच नाहीत. गाडीबद्दल घरात कुणी विषय काढायचा नाही, असं झालेलं. हे सांगायचं कारण, जुन्या गाडीचा निर्णय एकट्याचा नसतो, घरच्यांचा जीव त्यात अडकलेला असतो. त्यामुळे 'नाही' म्हणायचं तर समोर पुरावा ठेवून म्हणा. खडूचे गोल उपयोगी पडतात ते इथे.

बरं, आता काम. घरी काय करायचं आणि काय नाही, हे मी सरळ सांगतो.

सुटे करता येणारे छोटे भाग, म्हणजे बिजागऱ्या, ब्रॅकेट, हॉर्नच्या पट्ट्या, यांचा गंज घरी सुंदर निघतो. पद्धत इलेक्ट्रोलिसिसची. शाळेत शिकलेली, तीच! प्लास्टिकची बादली, पाणी, आणि दर चार-पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. खाण्याचा नव्हे. 12 व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर घ्यायचा. निगेटिव्ह तार गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह एखाद्या भंगार लोखंडाच्या तुकड्याला. दोघं एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. रात्रभरात गंज सुटून काळा थर राहतो, तो ब्रशने निघतो. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. एक, यातून हायड्रोजन निघतो, त्यामुळे हे उघड्यावरच करायचं, जवळ विडी-काडी नको. दोन, पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील कधीच लावायचं नाही. त्यातल्या क्रोमियमपासून विषारी संयुगं पाण्यात उतरतात.

गंज काढलेला भाग उघडा ठेवला की कोकणात संध्याकाळपर्यंत पुन्हा लालसर होतो. म्हणून धुवा, उन्हात किंवा हेअर ड्रायरने खडखडीत वाळवा आणि लगेच प्रायमर मारा. आणि जून ते सप्टेंबर रंगकाम विसरा. दमट हवेत रंगाखाली ओल राहते, मग दिवाळीपर्यंत फुगे.

बॉडीवरच्या वरवरच्या गंजाला तारेचा ब्रश, सँडपेपर आणि मग रस्ट कन्व्हर्टर. त्यात बहुधा फॉस्फोरिक ॲसिड असतं, ते गंजाचं रूपांतर आयर्न फॉस्फेटच्या घट्ट थरात करतं. पण हे फक्त पत्रा शाबूत असेल तिथे. भोक पडलंय तिथे कुठलीही बाटली पत्रा परत आणत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे घासताना पाणी वापरा, चांगला मास्क लावा, पोरांना लांब ठेवा.

आता वेल्डिंग. सिल आणि तळाचं वेल्डिंग मी केलं नाही. चिपळूणहून एक अनुभवी कारागीर बोलावले, सीओटू वेल्डिंगवाले. साध्या रॉडच्या वेल्डिंगने गाडीचा पातळ पत्रा जळून भोक पडतं. आणि एका दमात लांब शिवण मारली तर उष्णतेने पत्रा वाकडा होतो. म्हणून थोडं इथे, थोडं तिथे असे टाके मारत जायचं.

सगळ्यात महत्त्वाचं आता ऐका. सिल कापण्याआधी गाडी चारही बाजूंनी पक्क्या स्टँडवर समतल ठेवायची. दरवाज्याच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवा-तिरका तात्पुरता वेल्ड करायचा. आणि एका वेळी एकच बाजू कापायची. का? सिल काढली की गाडी मधून खचते. नवीन सिल त्याच खचलेल्या अवस्थेत जोडली गेली तर गाडी कायमची वाकडी, मग दरवाजे बसत नाहीत. आम्ही कापण्याआधी चौकटीचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत माप घेऊन भिंतीवर लिहून ठेवलं होतं. शेवटी फरक निघाला दोन मिलिमीटर. त्या दिवशी चहाबरोबर भजी झाली.

आतून काय? पोकळ सिलमध्ये रंगाचा ब्रश जात नाही. तिथे भोकातून मेणासारखं अँटी-रस्ट फवारतात. आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवायची. उत्साहात ती बुजवू नका.

आमच्या धंद्यातली एकच सवय इथे कामी आली. प्रत्येक नट सोडवण्याआधी फोटो, प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर तारीख आणि जागा. सहा महिन्यांनी तुम्हाला काहीही आठवत नसतं. सुट्या भागांसाठी पुण्याचा जुना बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. जिथे गाडी जन्मली तिथेच तिचे भाग मिळतात, याची मला गंमत वाटते.

जिवाशी खेळ नको अशा गोष्टी पटापट सांगतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच जायचं नाही, स्टँड हवेतच. पेट्रोलची टाकी, रिकामी असली तरी, घरी वेल्ड करायची नाही. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. ब्रेकची सगळी रबरं, नळ्या आणि ऑइल नवीन घाला. गाडी सुरू होण्याआधी ती थांबली पाहिजे.

आणि कागदपत्रं! पैसे घालण्याआधी आरसी काढून बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर आरटीओत तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचं शुल्क एप्रिल 2022 पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेलं, तेव्हा जाण्याआधी सध्याचा दर बघून घ्या. व्हिंटेजचा वेगळा नियम 2021 साली आला, पण त्याला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. आमची त्यात 2037 नंतर बसेल. रंग किंवा इंजिन बदललं तर तेही आरसीवर चढवावं लागतं. कागदच नसतील तर आधी ते बघा, सँडपेपर नंतर.

सध्या आमची गाडी कुठे आहे? दोन्ही सिल नव्या, तळ नवा, बाहेरून अजून लाल प्रायमर. एकवीसपैकी चार गोल बाकी आहेत. पावसाळा संपला की रंग, मग आरटीओ. काका आता रोज सकाळी ताडपत्री वर करून बघतात आणि मला फोन करून सांगतात, कुठे ओल दिसतेय.

तुमच्या गावाला अशी एखादी उभी असेल तर येत्या रविवारी चुंबक आणि खडू घेऊन जा. किती गोल झाले ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!