पायाखालच्या फरश्या
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आत्ता माझी ओळख 'छोटे पुतळे करणारा' अशी करून दिली. ते खरंच आहे, पण माझा निम्मा वेळ जातो पुतळ्याच्या पायाखालच्या फरशीत. आज तिच्याबद्दलच बोलतो. तुमच्याकडे एक कामही आहे, ते शेवटी सांगतो.

माझा पुतळा 75 मिलिमीटरचा, म्हणजे माणसाच्या साधारण चोविसाव्या हिश्शाचा. आपल्या जुन्या वर्गांतली नक्षीची सिमेंटची फरशी आठ इंची. या मापात ती साडेआठ मिलिमीटरची होते. सात सेंटिमीटरच्या बेसवर एका ओळीत आठ बसतात. प्रत्येक फरशी अर्धा मिलिमीटर मोठी झाली, तर ओळीच्या टोकाला आठवी फरशी पूर्ण बसत नाही.

कृती सोपी आहे. एपॉक्सी पुटीचे दोन भाग समान घेऊन रंग एक होईपर्यंत मळायचे. दोन बाजूंना आइसक्रीमच्या काड्या ठेवून त्यांवरून लाटणं फिरवायचं, म्हणजे जाडी सारखी येते. चिकटू नये म्हणून टाल्कम पावडर. (लाटणं स्वयंपाकघरातलं घेऊ नका, तब्येतीसाठीही आणि संसारासाठीही.) मग थांबायचं. ओलेपणी रेघ मारली तर कडा उचलतात, पूर्ण घट्ट झाल्यावर मारली तर टवके उडतात. नखाचा ठसा जेमतेम उमटतो, तेव्हा स्टीलची पट्टी धरून सुरीच्या पाठीने सांधे ओढायचे. खरा सांधा या मापात केसाएवढा होतो, डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो जरा रुंद करायचा. एवढी लबाडी चालते. आणि ओळी बेसच्या कडेला किंचित तिरप्या ठेवायच्या, नाहीतर माणूस चौकटीच्या वहीवर उभा दिसतो.

मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मातीच्या छोट्या आकृत्या बघायला गेलात, तर जरा खालीही बघा. तिथली मिंटनची फरशी बघण्यात माझा अर्धा दिवस गेला होता.

फरशी खरी वाटते ती मात्र झिजेमुळे. आपल्या फरश्यांवरची नक्षी वरवर रंगवलेली नव्हती. साच्यात रंगीत सिमेंटचा थर ओतून, मागे साधं सिमेंट भरून, दाब देऊन त्या करत. भट्टीत भाजत नसत. म्हणून पृष्ठभाग खाली गेला तरी फूल राहतं. दारासमोर आणि बाकांच्या पायांखाली त्या अशाच खोलगट झाल्यात. आपल्या शिपाईमामांचा पुतळा केला, तेव्हा घंटेखालच्या दोन फरश्या पॉलिशपेपरने घासून तेवढ्याच बसक्या केल्या. मामांच्या मुलाला दाखवला. चेहऱ्याबद्दल तो काहीच बोलला नाही. खाली बोट ठेवून म्हणाला, "हे घंटेखालचं ना?"

आता काम. जुनी इमारत या उन्हाळ्यात उतरवणार आहेत. वर्गांची मापं मी घेतली आहेत. पण पुढच्या व्हरांड्याची वेलीची किनार नव्या चकचकीत टाइल्सखाली कधीच गेली. वर्गाच्या ग्रुप फोटोत पहिली रांग मांडी घालून बसायची, तिच्यापुढे हातभर जमीन दिसते. तिथे किनार असेल. फोटो काळे-पांढरे असतील, तर वेल तांबडी होती की चॉकलेटी, हे आठवणाऱ्यांनी भांडून ठरवा. आमच्या बाकावर सकाळपासून ते चालूच आहे. आणि फोटो आल्बममधून उचकटू नका, फाटतात. आल्बमसकटच आणा.