सोबत्याचा विश्वास कोडमध्ये कसा बसवायचा?

आज पाहुणा कोणी नाही, मी एकटाच आहे. विषय गेमचा आहे, पण सुरुवात मडक्यापासून करतो.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात कयाधूच्या काठी नर्सी आहे, नामदेव महाराजांचं गाव. याच जिल्ह्यात औंढा नागनाथ. या दोन गावांना जोडणारी गोष्ट तुम्ही आजीकडून नाहीतर कीर्तनात ऐकलीच असेल. संतमंडळी जमलेली. मुक्ताबाईनं गोरोबाकाकांना सांगितलं, तुम्ही कुंभार आहात, यातलं कच्चं मडकं कोणतं ते बघा. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे गप्प बसले, नामदेव चिडले. निकाल लागला, हे मडकं कच्चं. नामदेव रुसून विठ्ठलाकडे गेले, तिथंही गुरू कर असंच उत्तर मिळालं. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे आले.

आता हे एखाद्या रोल-प्लेइंग गेममध्ये टाका. चारचौघांत अपमान, म्हणजे मायनस वीस. पार्टी सोडून गेला, विषय संपला. पण गोष्टीत काय होतं? तो माणूस रागावतो, तरी त्या मंडळींचाच राहतो. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली, त्या समाधीवरचे अभंग याच नामदेवांचे आहेत.

हे सगळं मला आठवलं ते माझ्या गेमच्या एका फजितीमुळे.

ऑफिस सुटल्यावर आणि शनिवार-रविवारी मी फोनसाठी एक छोटा गेम बनवतोय. नर्सीहून चार जण पायी पंढरपूरला निघालेत, एवढीच कथा. त्यातला एक तुम्ही, बाकी तिघं सोबती. प्रत्येक सोबत्याला मी विश्वासाचा एक आकडा दिला होता, शून्य ते शंभर. दिवाळीत आत्तेभावाला खेळायला दिला. अकरावीत आहे तो. अर्ध्या तासात फोन परत दिला आणि म्हणाला, "दादा, हे तर एटीएम हाय. चहा टाकायचा, विश्वास काढायचा."

त्यानं केलं काय, तर गणूमामा नावाच्या सोबत्याला चहा पाजून पाजून आकडा शंभरवर नेला. मग त्याच्यासमोर एका म्हातारीची भाकरी चोरली. गणूमामाचे पाच पॉइंट गेले आणि तो हसत पुढं चालू लागला. (हसतो.) माझे तीन महिने गेले होते हो त्यात.

ही चूक माझ्या एकट्याची नाही, हे मनाच्या समाधानासाठी सांगतो. 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' २००९ चा, नावाजलेला गेम. त्यातही भेटवस्तू देऊन सोबत्याची मर्जी वाढवता येते. तुमच्यातले जे 'गेनशिन इम्पॅक्ट' खेळतात त्यांना फ्रेंडशिप लेव्हल माहीत आहे. एक ते दहा, चढतच जाते. तुम्ही कसेही वागा, खाली येत नाही. उलट १९९८ चा 'बाल्डर्स गेट', जो आता फोनवरही मिळतो, त्यात सगळ्या टोळीची मिळून एकच अब्रू. ती फार घसरली की सज्जन सोबती निघून जातात, फार चढली की दुर्जन कुरकुरतात. जुना आहे, पण इथं सोबत्याला भेटवस्तूंची लाच चालत नाही. तुम्ही बाहेर काय करता ते मोजलं जातं.

मला सगळ्यात शिकवलं ते 'ड्रॅगन एज २' नं, २०११ चा. (ज्यांना खेळायचाय त्यांनी अर्धा मिनिट पुढं ढकला.) त्यात मैत्री एका टोकाला आणि विरोध दुसऱ्या टोकाला. इसाबेला नावाची सोबतीण ऐन वेळी पळून जाते. तुमचं तिच्याशी नातं कोमट असेल तर ती येत नाही. घट्ट मैत्री असेल तर येऊ शकते. आणि घट्ट विरोध असेल तरीही येऊ शकते. कायम भांडलात, पण तिला गंभीरपणे घेतलंत ना!

म्हणजे आवडणं वेगळं, विश्वास वेगळा आणि सोबत न सोडणं तिसरंच. मी तिन्ही एकाच व्हेरिएबलमध्ये कोंबले होते. आता वेगळे केलेत. चहानं जिव्हाळा वाढतो, तोही तिसऱ्या कपानंतर नाही. विश्वास वाढतो शब्द पाळल्यावर. तिसरी गोष्ट, बांधिलकी, तुमच्यामुळं येतच नाही. गणूमामाला स्वतःला पंढरपूरला पोचायचंय. तुम्ही त्या वाटेवर असाल तोवर तो आहे.

आकड्याच्या खाली आता प्रसंगांची यादी असते. काय घडलं, कोणाशी, आणि त्यानं स्वतः पाहिलं की दुसऱ्याकडून ऐकलं. भाकरी चोरताना सखू झोपलेली असेल तर तिला रात्रीपर्यंत कळत नाही. मुक्कामाला गणूमामा सांगतो, मग कळतं, आणि ऐकीव असल्यामुळं वजन निम्मं. फोनच्या मेमरीला याचं काही ओझं नाही. ओझं संवाद लिहिण्याचं आहे. प्रत्येक प्रसंगाला प्रत्येकाचं वाक्य लिहीत बसलो तर माझं लग्न राहून जाईल. म्हणून प्रसंगांना खुणा लावल्या: चोरी, वचन, अपमान, मदत. वाक्यं खुणेवर लिहितो.

आणि स्क्रीनवरचा आकडा काढून टाकला. 'बाल्डर्स गेट ३' मध्ये कोपऱ्यात येतं, अमक्याला हे पटलं नाही. सोयीचं आहे, पण मग आपण त्या कोपऱ्याकडे बघूनच उत्तरं निवडतो. माझ्याकडे सोबती चालताना अंतर बदलतो. मन दुखलं की चार पावलं मागं. अॅनिमेशनचा खर्च शून्य.

एक बग मात्र अजून पूर्ण गेलेला नाही. सोबती निघून गेला की मी त्याचा डेटाच पुसत होतो. त्यावर मला नेताजी पालकर आठवले. १६६६ मध्ये महाराजांना सोडून गेले, आधी विजापूरकडे, मग मुघलांकडे. धर्म बदलला गेला, नाव बदललं, पार अफगाणिस्तानाकडे रवानगी झाली. १६७६ मध्ये परत आले आणि महाराजांनी घेतलं. माझ्या कोडमध्ये त्यांच्यासाठी ओळच नव्हती! विसोबांचंही तेच. आधी ज्ञानदेवांच्या भावंडांचे कट्टर विरोधक, मुक्ताबाईला मांड्यांसाठी खापर मिळू नये म्हणून अडवणारे, आणि नंतर त्यांचेच शिष्य.

म्हणून आता गेलेल्याची यादी जपून ठेवतो. पुढच्या कुठल्यातरी मुक्कामावर तो पुन्हा दिसू शकतो. पण परत आल्यावर त्याचा विश्वास कितीपासून सुरू करायचा? जुना होता तेवढा, शून्य, की त्याहून खाली? आत्तेभाऊ म्हणतो शून्य. आजी म्हणते, आधी त्याला जेवायला वाढ, मग बघू. सध्या आजीचं टाकलंय: परतल्यावर पहिला संवाद जेवणाचा, आकडा त्यानंतर ठरतो.

तुम्ही काय केलं असतं ते व्हॉइस नोटवर पाठवा. नवीन बिल्ड आत्तेभावाकडे गेलाय. कालच त्याचा मेसेज आला, "दादा, गणूमामा मागं का राहायलाय?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.