ताणानंतरचे पाणी
(शताब्दी महोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



शंभर वर्षांच्या ग्रंथालयात बोलताना साहित्यातला एखादा भारदस्त विषय घ्यावा, असा संकेत आहे. तरीही मी 'गंभीर दुखापतीनंतरचे जीवन' हा विषय निवडला, याचे कारण आपल्या गावातच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा चढतो आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू होतात. गोटमारीची कथा, तिची परंपरा आणि तिच्याविषयीचे वाद आपण सारे जाणतो. त्यांत मी आज शिरत नाही. किती जण जखमी झाले, हा आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतो. ज्याचा डोळा गेला, ज्याचा पाय कायमचा अधू झाला, त्याचा पुढचा महिना आणि पुढचे वर्ष मात्र कोणत्याच बातमीत येत नाही. त्या न छापलेल्या दिवसांविषयी मला बोलायचे आहे.

अशा माणसाच्या भेटीला जाताना आपण सहसा एक वाक्य बरोबर नेतो : दुःखानेच माणूस घडतो. वाक्य सोज्ज्वळ आहे. पण सौंसर-पांढुर्ण्याचा संत्र्याचा बागाईतदार ते जसेच्या तसे मान्य करणार नाही. मृग बहारासाठी तो उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडतो. पाने मलूल होतात, वाढ थांबते. यालाच आपण ताण देणे म्हणतो. पुढे पाऊस आला, किंवा पाणी सोडले, की फांद्या फुलांनी भरून जातात. परंतु जमीन हलकी की भारी, हे पाहून ताणाचे दिवस ठरवावे लागतात. ताण अति झाला तर झाड वाळते. आणि ताणानंतर पाणीच मिळाले नाही, तर बहार कोठून येणार? दुखापतीचा ताण तर कोणी मोजूनमापून देत नाही. म्हणून दुःखाचे गुणगान करण्यापूर्वी त्यानंतरचे पाणी कोठून आले, हे पाहिले पाहिजे. याची दोन उदाहरणे मी आपल्यापुढे ठेवतो.

पहिले, सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांचे. ते सैन्यात होते आणि उत्तम मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात काश्मीरमध्ये त्यांना गोळ्या लागल्या, पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुष्टियुद्ध तेथेच संपले. पुढे उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. जमिनीवर जे शरीर ओझे झाले होते, ते पाण्याने उचलून धरले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या पॅरालिम्पिक स्पर्धांत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. या स्पर्धांतले भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. शासनाची पद्मश्री त्यांच्याकडे पोहोचली ती २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. या कथेत पाय परत आले नाहीत, मुष्टियुद्धही परत आले नाही. जे आले ते वेगळेच होते, आणि त्याला निमित्त झाले ते तरण तलावातले पाणी.

दुसरे उदाहरण आजच्या आपल्या मध्यप्रदेशातले, देवासचे. ते दुखापतीचे नव्हे, आजाराचे आहे. पण आयुर्वेदाने छातीच्या आतल्या जखमेला 'उरःक्षत' असे नाव दिले आहे, आणि गवयाला याहून मर्मावरची जखम कोणती असणार? कुमार गंधर्व बालवयापासून गाजलेले गायक. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांना क्षयाने गाठले. जानेवारी १९४८ मध्ये हवापालटासाठी ते देवासला आले. एक फुप्फुस निकामी झाले होते आणि डॉक्टरांनी गाण्यास मनाई केली होती. सुमारे पाच वर्षे हा कंठ मुका राहिला.

त्या वर्षांत त्यांना पाणी कोणी घातले? स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचे नवे औषध मिळाले, त्याचे श्रेय प्रथम दिले पाहिजे. पत्नी भानुमती यांनी शुश्रूषा केली, घराचा भार उचलला. आणि तिसरे पाणी आले ते माळव्याच्या मातीतून. गाता येत नव्हते, पण ऐकता येत होते. शेतकरी स्त्रियांची ऋतूंची आणि सणांची गाणी, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने अंथरुणावरून त्यांच्या कानी पडत राहिली. चार-पाच स्वरांच्या त्या धुनांत त्यांना रागांची बीजे दिसली. १९५३ साली ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा पूर्वीचा दीर्घ श्वास उरला नव्हता. लहान, तुटक, पण अर्थाने भरलेली स्वरवाक्ये हीच त्यांची शैली झाली. लोकधुनांतून मालवतीसारखे नवे राग उगवले, पावसाच्या गाण्यांचा 'गीतवर्षा' हा कार्यक्रम उभा राहिला. फुप्फुस मात्र परतले नाही.

येथे कोणी म्हणेल, ही असामान्य माणसे. सामान्याने काय करावे? शंका रास्त आहे. प्रत्येक जखमी माणूस सुवर्णपदक आणणार नाही, आणि आणलेच पाहिजे असा आग्रह धरणे हा त्याच्यावर दुसरा दगड टाकण्यासारखे आहे. परंतु निसर्गाचा आधार असामान्यांपुरता नसतो. रॉजर उलरिक या अमेरिकी संशोधकाने १९८४ साली एक साधी तुलना प्रसिद्ध केली. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्याने पाहिल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, उरलेल्यांना विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक तीव्र औषधेही कमी लागली. खाट खिडकीशी सरकवायला पैसे पडत नाहीत. कोणाला तरी ते सुचावे लागते.

सभासदहो, आता या वास्तूविषयी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपला भाग मध्यप्रदेशात राहिला, नागपूर दुसऱ्या राज्यात गेले, आणि २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. या साऱ्या बदलांत येथील मराठी माणसाच्या वाचनाला पाणी घालीत राहिल्या त्या अशा संस्था. शतकभर वाचक ग्रंथालयाची पायरी चढून आला. आता जो पायरी चढू शकत नाही, त्याच्यासाठी ग्रंथालयाने पायरी उतरावी. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी आठवड्यातून एकदा पुस्तकांची पिशवी जावी. ज्याची दृष्टी गेली, त्याला तासभर वाचून दाखविणारा एक तरुण सभासद मिळावा. वर्गणीची अट तेथे आड येऊ नये. पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी एक उतार बांधावा. खर्चाच्या दृष्टीने ही कामे लहान आहेत.

पुस्तकाने हाड जुळत नाही, डोळा परत येत नाही, हे मी जाणतो. पण दुखापत झालेल्या माणसाचा दिवस फार लांब असतो, आणि त्या दिवसात काय येते यावर पुष्कळ काही अवलंबून असते. येत्या पोळ्यानंतर जखमींचा आकडा वाचून आपण वर्तमानपत्र मिटून ठेवू, तेव्हा त्यांतला एक तरी पत्ता आपल्या पुस्तक-पिशवीच्या यादीत चढावा, एवढीच माझी विनंती आहे.