तान्ह्याची झोप

तान्हे मूल रात्रभर रडले की घरची वडीलधारी मंडळी आईच्या संगोपनात उणीव शोधू लागतात. परंतु १९५६ साली न्यूयॉर्क येथे अलेक्झांडर थॉमस व स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने आरंभिलेल्या दीर्घ अभ्यासातून निराळेच चित्र पुढे आले. स्वभावाची ९ अंगे त्यांनी मानली. झोपेची व भुकेची नियमितता हे त्यांतील एक. सुमारे दहांतील एक बालक मुळातच अनियमित व चटकन बिथरणारे आढळले. अशा बालकाच्या जागरणाने आईबाप शिणतात, त्यांचा ताण हातांच्या स्पर्शात उतरतो आणि बालक अधिकच अस्वस्थ होते. हे चक्र दोषारोपाने तुटत नाही. बालकाच्या प्रकृतीशी संगोपनाचा मेळ घालावा, आणि जागरणाचा भार पित्यानेही वाहावा. आईला मिळालेली विश्रांती अखेर बालकाच्याच उपयोगी पडते.